‘व्यसन : नाही’ लिहिण्याची किंमत

वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये ज्येष्ठ व्यक्तीला दाखल करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात मधुमेह, रक्तदाब, आधीची ऑपरेशने यांच्या रांगेत एक छोटा रकाना असतो : ‘काही व्यसन?’ बरीच कुटुंबे तिथे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. वडील रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेत होते किंवा आजी झोपेच्या दोन गोळ्यांशिवाय आडवी होत नव्हती, हे सांगितले तर प्रवेश मिळणार नाही, अशी भीती असते. ती अगदीच निराधार नसते. व्यसनाचा पूर्वेतिहास असलेला माणूस नको, असे म्हणणाऱ्या संस्था आहेतच. पण त्या एका शब्दाची किंमत पुढच्या दोन-तीन दिवसांत मोजावी लागते. ती मोजतात स्वतः ते आजोबा आणि त्यांच्या खाटेशी रात्रपाळीला बसलेली मावशी.

वसई-विरारसारख्या शहरात हा प्रश्न दिवसेंदिवस जवळ येतो आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या पट्ट्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या पुढे गेली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि पुढे मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्यावर हजारो कुटुंबे नालासोपारा, विरारला राहायला आली. त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मुलगा आणि सून सकाळची लोकल पकडून बाहेर पडतात, ते रात्रीच परततात. वन बीएचकेमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे दिवसभर बघणार कोण? मग वसईच्या गावभागात किंवा महामार्गाच्या बाजूला एखादे केअर सेंटर शोधले जाते. तिथे माणूस कपड्यांची पिशवी आणि औषधांचा डबा घेऊन जातो. चाळीस वर्षांची सवयही त्याच्याबरोबर जाते.

मोजणीतून सुटलेले वय

भारतातील व्यसनांचा सर्वांत मोठा आढावा केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने घेतला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. या आढाव्याची वयोमर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. ७५ वर्षांपुढची माणसे त्यात मोजलीच गेली नाहीत. वृद्धाश्रमातल्या खाटांवर मात्र नेमकी हीच माणसे असतात.

म्हातारपणातले व्यसन दोन प्रकारचे असते. एक तरुणपणापासून चालत आलेले. दुसरे साठीनंतर लागलेले : जोडीदार गेला, नोकरी संपली, गुडघे धरले, संध्याकाळ खायला उठली आणि मग ग्लास जवळचा झाला. दारूचा त्रास असलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण एक तृतीयांश या दुसऱ्या गटात मोडतात, असे वृद्धांच्या आरोग्याचे अभ्यासक सांगतात. या गटाला वेळीच मदत मिळाली, तर सुधारण्याची शक्यता जास्त असते. पण घरच्यांना ते व्यसन वाटतच नाही. ‘या वयात थोडी घेतली तर काय बिघडलं?’ असे म्हणून विषय संपवला जातो.

बिघडते ते असे. वयाबरोबर शरीरातले पाण्याचे आणि स्नायूंचे प्रमाण घटते, यकृताचे काम मंदावते. त्यामुळे चाळिशीत जी मात्रा ‘काहीच चढत नव्हती’, तीच पंच्याहत्तरीत रक्तात जास्त उतरते आणि जास्त वेळ टिकते. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अमेरिकेतील आरोग्य संस्थांनी ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सांगितलेली जुनी मर्यादा आठवड्याला साधारण ९८ ग्रॅम होती. म्हणजे रोज क्वार्टर घेणारा ती दुसऱ्याच दिवशी ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये दारूचे कोणतेच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. त्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्या मिसळल्या की चक्कर, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे फार दूर राहत नाही.

तिसरी रात्र

रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की मेंदू खवळतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणे सुरू होते. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ‘डिलिरियम ट्रेमन्स’ होतो : माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, तो नसलेल्या माणसांशी बोलतो, अंगात ताप भरतो, नाडी धावते. योग्य उपचार मिळाले नाहीत, तर यात मृत्यूही येऊ शकतो.

आता हेच चित्र केअर सेंटरमध्ये पाहा. अर्जावर ‘व्यसन : नाही’ आहे. तिसऱ्या रात्री आजोबा ओरडायला लागतात, सलाइनची नळी उपटतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराकडे धावतात. ड्युटीवरच्या मावशींना वाटते, जागा नवी आहे, किंवा स्मृतिभ्रंश असेल. मग त्यांचे हात ओढणीने खाटेला बांधले जातात किंवा झोपेचे इंजेक्शन दिले जाते. मूळ कारण तसेच राहते.

स्मृतिभ्रंश आणि ही भ्रमावस्था यांतला फरक ओळखायची साधी खूण आहे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने वाढतो. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, सकाळी बरा आणि रात्री वाईट असे खाली-वर होऊ लागले, तर ते डिलिरियम समजावे आणि त्याच रात्री डॉक्टरांना बोलवावे. कारण दारू बंद होणे हे असेल, तसेच लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणे किंवा साखर उतरणे हेही असू शकते. वयस्कर माणसाची दारू सोडवण्याचे पहिले काही दिवस रुग्णालयातच काढणे शहाणपणाचे. वसईत महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. मानसोपचाराची मोठी सोय ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आणि मुंबईत केईएम, नायरसारख्या रुग्णालयांत आहे.

उपचारात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट असते. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात ‘बी-१’ म्हणजे थायामिन या जीवनसत्त्वाची तूट असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला इजा होऊन गोंधळलेपणा, तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणे अशी लक्षणे उद्भवू शकतात. याला ‘वेर्निके’ आजार म्हणतात. त्यातूनच पुढे नव्या आठवणी साठवण्याची ताकद कायमची जाऊ शकते. खरी माहिती अर्जावर असेल, तर डॉक्टर थायामिन आधी देतात. एका रकान्यावर एवढे अवलंबून असते.

बाटलीशिवायची व्यसने

दारू निदान वासाने कळते. बाकीची व्यसने घरच्या वस्तूंमध्ये मिसळून गेलेली असतात. महाराष्ट्रात प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक धूररहित तंबाखू वापरतात, असे २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात आढळले. आजीची मशेरी ही तर दात घासण्याची रीतच मानली जाते. वृद्धाश्रमात ती एकदम बंद झाली की चिडचिड, बद्धकोष्ठ, झोप न येणे सुरू होते आणि ‘आजी फार भांडखोर आहेत’ असा शेरा पडतो. मशेरी बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातच आलेले नसते.

विडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. धुरामुळे यकृत काही औषधे भराभर मोडते. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी घेणाऱ्याची विडी सुटली की तीच मात्रा रक्तात वाढू लागते. धडधड, उलट्या, क्वचित फिटही येऊ शकते. म्हणून विडी सुटल्याचे डॉक्टरांना कळवणे आवश्यक. आणि खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुरू असताना चोरून पेटवलेली एक विडी अख्ख्या खोलीला आग लावू शकते.

तिसरा प्रकार झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या कधीतरी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेल्या असतात. त्या पंधरा वर्षे चालतात. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात. या गोळ्या अचानक थांबवणे दारू थांबवण्याइतकेच धोक्याचे आहे. त्या आठवड्याआठवड्याने, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी कराव्या लागतात.

दारू सुटलेल्या माणसासाठी काही निरुपद्रवी वाटणाऱ्या बाटल्याही सांभाळाव्या लागतात. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट अशा आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेले ५ ते १२ टक्के अल्कोहोल असते. खोकल्याची काही औषधे आणि भिंतीवरचे हँड सॅनिटायझर यांचीही तीच गोष्ट. नातेवाईक प्रेमाने ‘ताकदीचं औषध’ घेऊन येतात, तेव्हा ती बाटली सिस्टरच्या कपाटात जाणे बरे.

देखरेख म्हणजे काय?

व्यसनाचा इतिहास असलेला रहिवासी म्हटला की दोन टोके दिसतात. एकीकडे ‘आमच्याकडे नको’ असा नकार, दुसरीकडे पोलिसी पहारा : पिशव्या तपासणे, बाहेर जाणे बंद, भेटणाऱ्यांवर संशय. यातला मध्यम मार्ग कसा असावा, हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. अमेरिकेत नर्सिंग होमची तपासणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये याबाबत सविस्तर सूचना दिल्या. धोका कोणाला आहे हे आधी ओळखा, प्रत्येकाची स्वतंत्र काळजी-योजना करा, बाहेरून परतल्यावर आणि भेटीनंतर लक्ष वाढवा. पण रहिवाशाच्या संमतीशिवाय त्याच्या सामानाची झडती घेऊ नका, असा त्यांचा गाभा आहे. नेदरलँड्समध्ये दारूमुळे स्मरणशक्ती गमावलेल्यांसाठी वेगळी शुश्रूषागृहेच आहेत. कॅनडात काही ठिकाणी, ज्यांची दारू सुटणे शक्यच नाही अशांना ठरावीक वेळी मोजून दारू दिली जाते, म्हणजे त्यांनी सॅनिटायझर पिऊ नये. हा मार्ग आपल्याकडे चालेल असे नाही. मात्र त्यामागचा प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही : ऐंशी वर्षांच्या माणसाला किती बांधून ठेवायचे?

आपल्या कायद्यात याचे काही उत्तर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. अशा रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. मानसोपचार संस्थेत रुग्णाला आवरण्यासाठी बांधायचे झाल्यास तेही तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि तेवढ्याच वेळापुरते. कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालत नाही. साधा वृद्धाश्रम या तरतुदीच्या कक्षेत थेट येत नसला, तरी ओढणी घेऊन खाटेकडे जाणाऱ्या हाताला थांबवण्यासाठी हा दंडक पुरेसा आहे.

अडचण पुढे आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा, असे सांगतो. खासगी केअर सेंटरमध्ये किमान सोयी कोणत्या, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण किती, याचे नियम आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. त्यामुळे सारा भार संस्थाचालकाच्या समजुतीवर आणि मावशी-मामांच्या अनुभवावर पडतो.

या कर्मचाऱ्यांना शिकवता येईल असे बरेच आहे, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. औषधे रहिवाशाच्या उशाशी न ठेवता कुलपात ठेवावीत. गोळी समोर गिळली की नाही ते पाहावे. साठवून ठेवलेल्या गोळ्या एकदम घेतल्या जाण्याचा धोका असतो. बाहेर जाऊन आल्यावर चाल, बोलणे, झोप कशी आहे ते पाहून दोन ओळी लिहाव्यात. रात्रपाळीने दिवसपाळीला हे तोंडी न सांगता वहीत द्यावे. नेहमी पैसे मागणारा, सारखा बाथरूममध्ये कोंडून घेणारा, भेट संपताच झोपी जाणारा रहिवासी डॉक्टरांच्या नजरेस आणावा.

कोणी प्यायलेला आढळला, तर ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ हे म्हणणे सर्वांत धोक्याचे. वयाने आणि दारूने मेंदू आकसलेला असतो. किरकोळ पडण्यानेही कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर धोका आणखी वाढतो. पक्षाघात आणि साखर उतरणे ही दोन्हीही दारू चढल्यासारखीच दिसतात. म्हणून साखर, रक्तदाब, श्वास आणि डोक्याला मार लागला आहे का, हे तपासायचे. त्या रात्रीची झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. कुशीवर झोपवायचे, दर थोड्या वेळाने हाक मारून उठतात का ते पाहायचे. उठत नसतील, श्वास मंदावला असेल किंवा डोक्याला मार असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची. रागावणे, उपदेश, सर्वांसमोर पाणउतारा यांपैकी काहीही त्या रात्री उपयोगाचे नाही. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, एकट्याशी.

गुपचूप गोळी नको

घरोघरी चालणारा एक उपाय वृद्धाश्रमातही येऊन पोहोचतो. ‘डायसल्फिराम’ची गोळी भाजीत किंवा चहात गुपचूप मिसळायची, म्हणजे प्यायला की त्रास होईल आणि दारू सुटेल. ही गोळी घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठाच्या तो जिवावर बेतू शकतो. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. शिवाय फसवणूक कळली की त्या माणसाचा घरच्यांवरचा आणि संस्थेवरचा विश्वास उडतो. पुढची काळजी तर त्या विश्वासावरच घ्यायची असते.

संध्याकाळी सहा ते आठ

व्यसन सोडवण्याच्या क्षेत्रात महाराष्ट्राकडे मोठा अनुभव आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्याआधी १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या फादरांनी योगाची जोड देऊन हे काम उभे केले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचे केंद्र वसईतही आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बैठकाही मुंबई परिसरात भरतात. या सगळ्यांकडून वृद्धाश्रमांना घेता येईल असा धडा एकच आहे : व्यसनी माणसाला एकटे सोडायचे नाही, आणि त्याला हिणवायचेही नाही.

पिणाऱ्याची तलफ बहुतेकदा ठरलेल्या वेळी उठते. दिवेलागणीला, कामावरून सुटण्याच्या वेळी, ज्या वेळी तो चाळीस वर्षे ग्लास भरत आला त्या वेळी. नेमक्या याच वेळेत वृद्धाश्रमात शुकशुकाट असतो. चहा झालेला, जेवणाला अवकाश, पाळी बदलत असलेली. ही दोन तासांची पोकळी भरली तर अर्धे काम होते. भजन, रोझरी, पत्ते, कॅरम, अंगणातली फेरी, वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन, घरून येणारा ठरलेल्या वेळचा फोन. जे त्या माणसाला आवडेल ते. पूर्वी पिऊन सुटलेला एखादा ज्येष्ठ आठवड्यातून एकदा येऊन शेजारी बसला, तर तो दहा उपदेशांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. वेदना, ऐकू न येणे आणि नैराश्य यांवर वेळेत उपचार झाले, तरी पिण्याची कारणे कमी होतात.

घरच्यांचे काम मात्र दाखल करण्याच्या दिवशीच सुरू होते. काय घेत होते, किती, किती वर्षे आणि शेवटचे कधी, या चार प्रश्नांची खरी उत्तरे डॉक्टरांना द्यावीत. सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जुन्या चिठ्ठ्यांसह, सोबत न्यावीत. आधी दारू सोडताना फिट आली होती का, हे आवर्जून सांगावे. संस्थेला विचारावे : रात्री डॉक्टर येतात का, पडल्यावर काय करता, पुन्हा प्यायले तर घरी पाठवणार की उपचार करणार? ‘घरी पाठवू’ एवढेच उत्तर देणाऱ्या संस्थेत माणूस लपून पितो आणि लपवून पडतो. संस्थांनीही ‘व्यसन’ हा रकाना नकार देण्यासाठी न वापरता तयारी करण्यासाठी वापरला, तर खोटे लिहिण्याचे कारणच उरणार नाही.

मदतीसाठी काही क्रमांक हाताशी ठेवावेत : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७. ‘आता या वयात काय सुटणार?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. साठीनंतर व्यसन सोडणाऱ्यांचा अनुभव उलटा आहे. योग्य मदत मिळाली, तर ज्येष्ठ माणसे उपचारांना तरुणांइतकाच, काही वेळा अधिक चांगला प्रतिसाद देतात.